पहिला मान कोणत्या पानास?

नाशिकच्या बसस्थानकावर एखाद्या प्रवाशानें पाथर्डीचें तिकीट मागितलें, तर “कोणती पाथर्डी?” असें विचारल्यावांचून शहाणा वाहक तिकीट देणार नाहीं. एक पाथर्डी नाशिक शहराच्या कुशींतच आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावरील पाथर्डी फाटा तो हाच. पांडवलेणीं व दादासाहेब फाळके यांचें स्मारक तेथून जवळच. दुसरी पाथर्डी अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्याचें ठिकाण. बीड जिल्ह्याची हद्द तिच्या उशाशीं आहे आणि मोहट्याची देवी, मढीचे कानिफनाथ, वृद्धेश्वर, भगवानगड हीं देवस्थानें तिच्या तालुक्यांत आहेत. या दोन पाथर्ड्यांमध्यें दीडशें किलोमीटरांहून अधिक अंतर आहे.

वाहकाला उलट प्रश्न विचारतां येतो. मोबाइलवर ‘पाथर्डी’ हीं तीन अक्षरें लिहून गूगलला शोध घ्यावयास सांगणाऱ्या मनुष्यास मात्र सहसा असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच एक यादी पुढें येते. यादींतील पहिलें पान पहिलें कां, आणि सातवें सातवें कां, याचा कांहीं खुलासा तिच्यावर छापलेला नसतो. पहिल्या चार-पांच ओळींच्या खालीं उतरण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. यामुळें यादींत विसावें असणें आणि मुळींच नसणें यांत व्यवहारांत फारसा भेद उरत नाहीं. एखाद्या दुकानाचा धंदा, एखाद्या शाळेचा लौकिक, एखाद्या मुलीचा वसतिगृहाचा अर्ज हीं सर्व या क्रमावर अवलंबून राहूं लागलीं आहेत.

मढीच्या यात्रेंत मानाच्या काठ्या येतात. कोणाची काठी आधीं, कोणाची मागून, हा क्रम परंपरेनें ठरलेला असून तो लहानथोरांस ठाऊक असतो. शोधयंत्राच्या यादींतहि मान आहे. परंतु तो प्रत्येक वेळीं नव्यानें मोजला जातो, आणि मोजण्याची संपूर्ण रीत यंत्राच्या मालकांवांचून कोणासहि ठाऊक नाहीं. रीतीचीं मूळ तत्त्वें मात्र प्रसिद्ध आहेत व तीं समजण्यास कठीण नाहींत.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, प्रश्न विचारतांच हें यंत्र जगभर धांवत सुटतें आणि उत्तर घेऊन परत येतें. वस्तुतः धांवाधांव आधींच होऊन गेलेली असते. क्रॉलर या नांवाचे संगणकीय कार्यक्रम रात्रंदिवस एका पानावरून दुसऱ्या पानावर जात असतात. पानावर दुसऱ्या पानाचा जो दुवा असतो, तीच त्यांची वाट. वाटेंत मिळालेलें प्रत्येक पान ते उतरून घेतात आणि त्यांतील शब्दांची सूची तयार होते. ग्रंथाच्या शेवटीं विषयसूची असते तशी, परंतु अब्जावधि पानांची. ‘मोहटा’ हा शब्द कोणकोणत्या पानांवर, किती वेळां, शीर्षकांत कीं मजकुरांत, याची नोंद प्रश्न विचारण्यापूर्वींच सिद्ध असते. विचारल्यावर चाळली जाते ती ही सूची. विशिष्ट विषयाचीं पानें तेवढींच हुडकणारा क्रॉलर कसा करावा, याविषयीं मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें अध्यापन करणारे सौमेन चक्रवर्ती यांचा १९९९ सालीं प्रसिद्ध झालेला निबंध या शास्त्रांत प्रमाण मानला जातो.

यावरून पहिली गोष्ट निघते ती ही कीं, सूचींत ज्या पानाचा प्रवेशच झाला नाहीं त्याच्या क्रमाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. ज्या वस्तीला वाट नाहीं तेथें टपाल पोंचत नाहीं, तद्वत् ज्या पानाकडे कोणाचाहि दुवा नाहीं तेथें क्रॉलर सहसा पोंचत नाहीं. मालकानें स्वतःच यंत्राला आपल्या पानांची यादी कळविली तर गोष्ट वेगळी. मराठी मजकुराच्या बाबतींत आणखी एक विघ्न होतें आणि तें कित्येक वर्षें टिकलें. संगणकावर मराठी लिहिण्याचे प्रारंभींचे अनेक टंक असे होते कीं, पडद्यावर ‘पाणी’ दिसावें, परंतु संगणकाच्या स्मरणांत त्या जागीं रोमन अक्षरांची निरर्थक माळ असावी. मनुष्य तें वाचीत असे. यंत्राला तें मराठी आहे हेंहि कळत नसे. युनिकोड या जागतिक संकेतांत देवनागरीला १९९१ सालींच स्थान मिळालें होतें, तरी वृत्तपत्रांनीं व कचेऱ्यांनीं जुने टंक सोडण्यास पुष्कळ वर्षें घेतलीं. त्या काळांतला मजकूर जेथें रूपांतरित झाला नाहीं तेथें तो आजहि यंत्राच्या दृष्टीनें मुका आहे. युनिकोड आल्यावरहि गोंधळ सर्वस्वीं मिटला नाहीं. ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला ऱ्या दोन रीतींनीं लिहितां येतो. डोळ्याला दोन्ही रूपें सारखींच दिसतात, परंतु यंत्राच्या स्मरणांत ते दोन निराळे शब्द असतात व दोन्ही एकच आहेत हें त्याला शिकवावें लागतें.

पान सूचींत आलें, आतां क्रम. सर्वांत जुनी कसोटी शब्दांची. प्रश्नांतील शब्द ज्या पानांत आहेत तीं पानें उमेदवार, हें उघड आहे. परंतु सर्वच शब्दांचें वजन सारखें नसतें. “मोहट्याची यात्रा आणि बस” असें कोणी विचारलें, तर ‘आणि’ हा शब्द कोट्यवधि पानांवर सांपडेल. त्याच्यावरून कांहींच ठरत नाहीं. ‘बस’ पुष्कळ पानांवर, ‘यात्रा’ त्याहून थोड्या, आणि ‘मोहटा’ अगदींच थोड्या पानांवर मिळेल. जो शब्द दुर्मिळ तोच नेमका, म्हणून त्याला अधिक गुण द्यावेत, हा विचार केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स या विदुषीनें १९७२ सालीं मांडला. इतका साधा विचार इतका टिकाऊ ठरावा याचें नवल वाटतें. आजच्या यंत्रांतहि त्याचें बीज कायम आहे.

या कसोटीवर मराठीची मोठी अडचण होते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. इंग्रजींत ‘पाऊस’ या अर्थाचा शब्द विभक्तीनें फारसा बदलत नाहीं. मराठींत ‘पाऊस’ हा शब्द विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वींच ‘पावसा’ होतो, आणि मग पावसाचा, पावसानें, पावसांत, पावसासाठीं, पावसामुळें अशीं रूपें फुटत जातात. कांदा पाहावा तर कांद्याचा, कांद्यांना, कांद्यावरून. पाथर्डी हें नांव बदलत नाहीं म्हणावें, तर पाथर्डीहून, पाथर्डीला, पाथर्डीकर आहेतच. शाळेंत सामान्यरूप शिकतांना मुलें जितकीं कंटाळतात, तितकेंच यंत्रहि तेथें अडखळतें. शोधणारा ‘कांदा भाव’ असें लिहितो आणि उत्तर ज्या पानांत आहे तेथें ‘कांद्याच्या भावांत’ असें असतें. दोहोंचें मूळ एक आहे हें यंत्राला कळलें नाहीं तर तें पान मागें पडतें.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. भारतीय भाषांतील शोधपद्धतींची परीक्षा घेण्यासाठीं २००८ सालीं ‘फायर’ या नांवाचा उपक्रम सुरू झाला. त्यांत मराठीसाठीं ‘महाराष्ट्र टाइम्स’ व ‘सकाळ’ या वृत्तपत्रांतील सुमारें ९९ हजार लेखांचा संग्रह परीक्षेस ठेवण्यांत आला होता. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठाच्या लिलियाना डोलामिच व झाक सावॉय या दोघांनीं त्या संग्रहावर प्रयोग करून २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. शब्दांचे प्रत्यय कसून सोलून काढले आणि मुळाशीं मूळ जुळविलें, तर शोधाची गुणवत्ता हिंदींत सुमारें २८ टक्क्यांनीं, बंगालींत १८ टक्क्यांनीं, आणि मराठींत ४२ टक्क्यांनीं सुधारली. दादोबा पांडुरंगांपासून चालत आलेल्या व्याकरणविचाराचें मोल अशा रीतीनें जुरा पर्वताच्या पायथ्याशीं टक्केवारींत मोजलें गेलें, ही गंमतीची गोष्ट होय.

केवळ शब्द मोजून क्रम लावण्यांत एक मोठें व्यंग आहे. महाजालाच्या आरंभींच्या वर्षांत तें लवकरच उघडकीस आलें. शब्द मोजले जातात हें समजतांच पानांच्या मालकांनीं तेच शब्द शेंकडों वेळां लिहावयास प्रारंभ केला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिले कीं वाचकाला दिसत नाहींत, यंत्राला मात्र दिसतात. आपल्या पानाविषयीं आपणच साक्ष द्यावयाची आणि न्यायाधीशानें ती खरी मानावयाची, अशी ही स्थिति झाली. म्हणून दुसऱ्याची साक्ष काढणें भाग होतें.

ही साक्ष दुव्यांत आहे, हें कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत शिकणाऱ्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं ओळखलें. एखाद्या पानानें दुसऱ्या पानाचा दुवा दिला म्हणजे त्यानें त्याच्या बाजूनें मत दिलें. ही कल्पना अगदींच नवी नव्हती. विद्वानांच्या निबंधांत पूर्वसूरींचे जे उल्लेख असतात, त्यांवरून कोणता निबंध किती महत्त्वाचा हें ठरविण्यासाठीं यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ सालापासून उल्लेखांची सूचीच छापली होती. पेज आणि ब्रिन यांनीं यापुढें एक पाऊल टाकलें. सर्व मतें सारखीं न धरतां, मत देणाऱ्याचें स्वतःचें वजन पाहावें, असें त्यांनीं ठरविलें. १९९८ च्या एप्रिलमध्यें ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथील परिषदेंत त्यांनीं आपला निबंध सादर केला, तेव्हां त्यांच्या यंत्रांत २ कोटि ४० लक्ष पानें होतीं. या मोजणीचें गणित मांडणाऱ्या दुसऱ्या एका निबंधांत जम्मू येथें जन्मलेले व कानपूरच्या आय. आय. टी. त शिकलेले प्राध्यापक राजीव मोटवानी हेहि सहलेखक होते.

नैयायिकांच्या कानीं ही कल्पना पडली असती तर त्यांनीं लगेच अन्योन्याश्रयाचा दोष दाखविला असता. पानाचें महत्त्व त्याच्याकडे बोट दाखविणाऱ्यांच्या महत्त्वावर, आणि त्यांचें महत्त्व आणखी कोणाच्या. शेवटीं फिरून पहिल्यावरच. मग मोजावयास कोठून लागावें? उत्तर असें कीं, कोठूनहि लागावें. मोजणी पुनःपुन्हां केली कीं आंकडे आपोआप स्थिरावतात. हें एका लहान उदाहरणानें स्पष्ट होईल.

समजा, सारें महाजाल तीनच पानांचें आहे: एक तालुक्याच्या वृत्तपत्राचें, दुसरें शाळेचें, तिसरें देवस्थानाचें. वृत्तपत्राच्या पानावर शाळा व देवस्थान या दोहोंचे दुवे आहेत, शाळेच्या पानावर केवळ देवस्थानाचा, आणि देवस्थानाच्या पानावर केवळ वृत्तपत्राचा. या तीन पानांवर एक हजार वाटसरू सोडून द्यावे. प्रत्येकानें आपण उभे असूं त्या पानावरील दुव्यांपैकीं एक, चिठ्ठी टाकल्याप्रमाणें, निवडावा आणि पुढें जावें. हें पुष्कळ वेळां झाल्यावर गर्दी अशी स्थिरावते: वृत्तपत्रापाशीं ४००, शाळेपाशीं २००, देवस्थानापाशीं ४००. पडताळा सोपा आहे. वृत्तपत्रापासचे ४०० निघाले म्हणजे २०० शाळेकडे व २०० देवस्थानाकडे जातात. शाळेपासचे २०० देवस्थानाकडेच येतात, म्हणून तेथें ४०० होतात. आणि देवस्थानापासचे ४०० सर्वच्या सर्व वृत्तपत्राकडे परततात. आतां पाहावें, शाळेला एकच मत आहे आणि वृत्तपत्रालाहि एकच. तरी वृत्तपत्रापाशीं शाळेच्या दुप्पट गर्दी आहे. कारण वृत्तपत्राला मत दिलें तें गर्दीच्या देवस्थानानें, आणि तेंहि दुसऱ्या कोणाशीं वांटून न घेतां.

प्रत्यक्षांत यांत एक दुरुस्ती करावी लागते. कांहीं पानांवर पुढें जाण्यास दुवाच नसतो, तर कांहीं पानें एकमेकांकडेच बोट दाखवून वाटसरूला कोंडून ठेवतात. म्हणून असें धरितात कीं, शंभरांपैकीं ८५ वेळां वाटसरू दुव्यानें जाईल आणि १५ वेळां कंटाळून भलत्याच पानावर उडी घेईल. वरील उदाहरणांत ही सूट दिली तर वृत्तपत्रापाशीं ३८८, शाळेपाशीं २१५ व देवस्थानापाशीं ३९७ वाटसरू स्थिरावतात. बरोबरी सुटून देवस्थान नऊ जणांनीं पुढें जातें. ज्या श्रोत्यांच्या घरांत गणिताची आवड असणारीं मुलें असतील, त्यांनीं हे आंकडे त्यांच्याकडून कागदावर काढून घ्यावे. दहावीच्या समीकरणांपलीकडे कांहीं लागत नाहीं. अब्जावधि पानांसाठीं हेंच गणित करण्यास मात्र संगणकांचीं कोठारें लागतात.

१९९८ च्या सप्टेंबरांत गूगल कंपनी स्थापन झाली, आणि या एका कल्पनेच्या बळावर तिनें प्रतिस्पर्ध्यांना मागें टाकलें. परंतु जें मोजलें जातें तें फुगविलें जातें, हा अनुभव पुन्हां आला. परीक्षेंत कोणते प्रश्न येतात हें कळलें कीं ‘अपेक्षित’ प्रश्नांच्या पुस्तिका निघतात. तसे दुव्यांचे कारखाने निघाले. शेंकडों खोटीं पानें उभारावयाचीं आणि त्या सर्वांनीं एकाच दुकानाकडे बोट दाखवावयाचें. दुवे विकत मिळूं लागले. २०११ सालीं गूगलनें पांडा नांवाची दुरुस्ती करून सत्त्वहीन मजकुराचीं पानें खालीं ढकललीं, आणि २०१२ सालीं पेंग्विन नांवाच्या दुरुस्तीनें विकतच्या दुव्यांना शिक्षा केली. अशा दुरुस्त्या तेव्हांपासून सतत चालूच आहेत. प्रत्येक दुरुस्तींत कोणी निरपराधीहि भरडला जातो. आणि ज्याचें पान एका रात्रींत पहिल्याचें चाळिसावें झालें, त्याला अपील करावयास न्यायासन नाहीं, ही या व्यवस्थेतील सर्वांत बोंचणारी गोष्ट म्हटली पाहिजे.

आज दुव्यांचें मत हें शेंकडों कसोट्यांपैकीं एक आहे. पान किती ताजें आहे, मोबाइलवर नीट उघडतें कीं नाहीं, लिहिणाऱ्याला विषयाचा अनुभव आहे कीं नाहीं, हेंहि पाहिलें जातें. २०१९ पासून बर्ट नांवाची भाषा समजणारी पद्धति वापरांत आली. तिच्यामुळें “पाथर्डीहून नगर” आणि “नगरहून पाथर्डी” यांसारख्या प्रश्नांत दिशेचा जो भेद असतो, तो यंत्राला अधिक चांगला उमजूं लागला. यंत्राच्या उत्तरांना गुण देण्यासाठीं कंपनीनें मनुष्य परीक्षकहि नेमलेले आहेत. त्यांच्या गुणांनीं एखाद्या पानाचा क्रम थेट बदलत नाहीं, पद्धति बरी चालली आहे कीं नाहीं एवढेंच तपासलें जातें. आणि लोकांनीं यादींतल्या कोणत्या ओळीवर बोट ठेवलें, हीहि एक कसोटी आहे. ही गोष्ट बराच काळ कुजबुजीच्या स्वरूपांत होती. अमेरिकन सरकारनें गूगलवर भरलेल्या खटल्यांत २०२३ सालीं कंपनीच्या अधिकाऱ्याची साक्ष झाली, तेव्हां लोकांच्या अशा १३ महिन्यांच्या निवडींची नोंद क्रम लावतांना वापरली जाते हें उघड झालें. म्हणजे यादी वाचणारा प्रत्येक मनुष्य नकळत मतदान करीत असतो.

उरली स्थळाची कसोटी, आणि तिच्यापाशीं पाथर्डीचा प्रश्न सुटतो. शोधणारा कोठें उभा आहे याचा अंदाज मोबाइलवरून यंत्राला असतो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं उभा राहून ‘पाथर्डी’ विचारणाऱ्यास फाटा दाखवावा आणि तिसगांवांत बसून विचारणाऱ्यास तालुका दाखवावा, हें त्यांत बसतें. पुण्यांतून विचारणाऱ्याचें काय? तेथें यंत्र लोकांच्या पूर्वीच्या निवडींवर हवाला ठेवतें, आणि नाशिकसारख्या मोठ्या शहरांतील घरें, भाड्याच्या जागा, दवाखाने यांच्या पानांचा भरणा तालुक्याच्या पानांहून अधिक असणें स्वाभाविक आहे. त्यांतच २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. वर्षानुवर्षें लिहिलीं गेलेलीं पानें जुन्या नांवाचीं, नवे शासकीय कागद नव्या नांवाचे, आणि बोलण्यांत नुसतें ‘नगर’. तिन्ही नांवें एकाच जागेचीं हें यंत्राला शिकावें लागतें, आणि ‘नगर’ हा शब्द तर महाराष्ट्रांतल्या हजार वसाहतींच्या शेपटाला जोडलेला आहे! स्थानिक संस्थांनीं आपल्या पानावर जुनें व नवें अशीं दोन्ही नांवें, तालुक्यासह, साध्या मजकुरांत लिहिलीं तर यंत्राचें व शोधणाऱ्याचें दोघांचेंहि काम हलकें होतें. नांव केवळ चित्रांत रंगवून ठेवण्याची चाल मात्र शोधाच्या दृष्टीनें निरुपयोगीच म्हणावयाची.

यादीच्या माथ्यावर कधींकधीं ज्या ओळी असतात त्यांना हें गणित लागूच नाहीं, कारण त्या पैसे देऊन घेतलेल्या जाहिराती असतात. तेथें ‘प्रायोजित’ असें बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें, तें वाचण्याची संवय घरांतील सर्वांस असावी. जाहिरातींव्यतिरिक्तहि यंत्राच्या मालकानें आपल्याच दुसऱ्या धंद्यांना वरची जागा दिली, तर तो न्याय कीं पक्षपात? भारताच्या स्पर्धा आयोगानें फेब्रुवारी २०१८ मध्यें या प्रश्नावर निर्णय देऊन विमानप्रवासाच्या शोधांत स्वतःच्या सेवेला ठळक जागा दिल्याबद्दल गूगलला दोष दिला आणि या प्रकरणांत १३५ कोटि ८६ लक्ष रुपयांचा दंड केला. युरोपीय आयोगानें २०१७ सालीं खरेदीच्या शोधांतील पक्षपाताबद्दल २४२ कोटि युरोंचा दंड केला होता. तो तेथील सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२४ मध्यें कायम केला. अमेरिकेंत न्यायाधीश अमित मेहता यांनीं ऑगस्ट २०२४ मध्यें गूगलनें आपली मक्तेदारी बेकायदेशीरपणें टिकविल्याचा निर्णय दिला. मोबाइलवर व ब्राउझरांत आपलेंच यंत्र आधींपासून बसविलेलें असावें यासाठीं कंपनीनें २०२१ या एका वर्षांत २,६३० कोटि डॉलर मोजले, हें त्या खटल्यांत बाहेर आलें. पहिला मान मिळविण्याची किंमत यंत्राच्या मालकालाहि चुकत नाहीं, असें यावर म्हणतां येईल.

या मोठ्या आंकड्यांपासून पाथर्डी तालुक्याकडे वळावें. तेथील पुष्कळ कुटुंबें दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मुलांच्या शाळेचें काय, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा प्रश्न. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं संत भगवानबाबा यांच्या नांवाची शासकीय वसतिगृह योजना राज्य शासनानें २०२१ सालीं मंजूर केली. आतां कल्पना करावी कीं, आठवींतली एक मुलगी आजीजवळ राहिली आहे, आईवडील फडावर आहेत, आणि शेजारच्या मोबाइलवर ती “ऊसतोड कामगार वसतिगृह अर्ज” असे शब्द लिहिते. शासनाचा मूळ निर्णय कार्यालयीन भाषेंत असतो. त्यांत ‘अर्ज कोठें करावा’ अशी सरळ ओळ सांपडणें कठीण, आणि त्याकडे दुवा देणारीं पानेंहि थोडीं. उलट ‘योजनांची माहिती’ देणारीं खाजगी पानें नेमके तेच शब्द शीर्षकांत घालतात, रोज नवी तारीख टाकतात, एकमेकांना दुवे देतात. वर सांगितलेल्या कसोट्या एकेक करून लावल्या म्हणजे वर कोण चढेल हें सांगावयास नको. त्या पानांतील कांहीं प्रामाणिक असतात, कांहींत मागील वर्षाची मुदत असते, आणि कांहीं अर्ज भरून देण्याचे पैसे मागतात. यंत्रानें खोटें बोलावयाचें ठरविलें असें येथें झालेलें नाहीं. साक्षीदारच खऱ्याच्या बाजूनें पुढें आले नाहींत. तालुक्यांतल्या शाळांनीं, ग्रंथालयांनीं व पंचायतींनीं आपापल्या पानांवर त्या मूळ निर्णयाचा दुवा दिला, आणि त्याखालीं चार ओळी सोप्या मराठींत लिहिल्या, तर त्यास फार तर एक दुपार लागेल. आणि वाटसरूंच्या उदाहरणांतील गर्दी त्या बाजूला सरकूं लागेल.

हें लिहिलें-वाचलें जात असतां यादीचें स्वरूपच पालटूं लागलें आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतांतहि गूगलच्या यादीच्या वर कित्येक प्रश्नांना यंत्रानें स्वतः रचलेला एक परिच्छेद दिसूं लागला. तो अनेक पानांवरून जुळविलेला असतो व बाजूला त्या पानांचे दुवे असतात. वाचकाची सोय झाली यांत शंका नाहीं. परंतु परिच्छेद वाचूनच तो समाधान पावला, तर ज्यांनीं मूळ मजकूर लिहिला त्यांच्या दारीं कोणी येणार नाहीं; आणि परिच्छेद रचतांना आधार कोणत्या पानांचा घ्यावा हें ठरविण्यास शेवटीं मानक्रमासारखें कांहींतरी लागतेंच. जुना प्रश्न पडद्याआड गेला, एवढेंच.

पाथर्डीपुरती व इतर प्रत्येक गांवापुरती एक सावधगिरी तांतडीची आहे. बँकेचा, गॅसच्या एजन्सीचा, कुरियरचा मदतीचा दूरध्वनिक्रमांक लोक यंत्रांत शोधतात, आणि भामटे नेमका तोच शोध हेरून आपला क्रमांक वर येईल अशी व्यवस्था करितात. दुव्यांचे कारखाने, विकतच्या जाहिराती, नकाशावरील खोट्या नोंदी हीं सर्व हत्यारें तेथें वापरलीं जातात. यादींत पहिला आलेला क्रमांक खरा असेलच असें वर वर्णिलेल्या कोणत्याहि गणितांत कोठेंहि अभिप्रेत नाहीं. बँकेचा क्रमांक पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीमागें छापलेला असतो, तोच लावावा. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावें लागतें. हा क्रमांक त्या गडबडींत यंत्रांत शोधीत बसण्यापेक्षां आजच भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवलेला बरा.